पेटीच्या गावात न्यू ऑर्डर

शहापूर, बेळगाव. रविवार, रात्र.

आज न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचा 'पॉवर, करप्शन अँड लाइज' पुन्हा सलग ऐकला. १९८३चा अल्बम. बाहेर पावसाची झड, कुठे जायचं नव्हतं.

धाकटा भाऊ गिटार वाजवतो. त्याचं ठाम मत आहे, "अण्णा, यांनी रॉक सोडून सिंथ धरला, कारण ते सोपं पडतं." सिंथ म्हणजे सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य. मला हे अजिबात पटत नाही. सोपं काय होतं त्यांना? १८ मे १९८०ला, अमेरिकेचा पहिला दौरा तोंडावर असताना, त्यांच्या आधीच्या बँडचा, जॉय डिव्हिजनचा, गायक इयन कर्टिस गेला. वय २३. उरलेल्या तिघांनी जुनं नाव सोडून न्यू ऑर्डर हे नाव घेतलं, गिटारवाल्या बर्नार्ड सम्नरवर गायची जबाबदारी आली, कीबोर्डला जिलियन गिल्बर्ट आली. १९८१चा त्यांचा पहिला अल्बम 'मूव्हमेंट' ऐकताना कर्टिसची सावली हटलेली नाही हे लगेच कळतं. सिंथ आणि ड्रम मशीन पुढे आल्यावर सम्नरचा पातळ, थोडा कच्चा आवाज त्याचा स्वतःचा वाटायला लागतो.

मला आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवतात. क्षयाने एक फुप्फुस निकामी केलं. दुखण्यातून उठल्यावर छोट्या, टोकदार स्वरवाक्यांतून त्यांनी गायकी नव्याने उभी केली. त्यांनी सोपी वाट धरली असं कुणी म्हणेल का?

'पॉवर, करप्शन अँड लाइज'च्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, 'युअर सायलेंट फेस', आज मी परत परत लावलं. खाली सिंथचा एकसारखा फिरता ठेका, घड्याळासारखा, आणि त्यावर एकदम मेलोडिका येते. तोंडाने फुंकायचं ते छोटं वाद्य. आत धातूची पट्टी हवेने थरथरते, आपल्या पेटीत थरथरते तशीच. फक्त इथे भाता नाही, माणसाचा श्वास आहे. सुराच्या सुरुवातीला फुंकर किंचित अडखळते तेही ऐकू येतं. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात वाढलेल्या कानाला तो सूर परका कसा वाटेल? एवढ्या यंत्रांच्या मधोमध त्यांना श्वासाचं वाद्य ठेवावंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं.

पीटर हूकचा बास गिटारही कुठे गेलेला नाही. 'एज ऑफ कन्सेंट' सुरू होतं ते त्याच्यावरच. बास वरच्या सुरांत गातो, गिटारचं काम करतो. आणि शेवटचं 'लीव्ह मी अलोन' तर उघडउघड गिटारचं गाणं आहे.

उद्या भावाला आधी तेच ऐकवणार, मग लगेच 'फाइव्ह एट सिक्स', यंत्राच्या ठेक्यावर नाचणारं. दोन्ही एकाच तबकडीवर आहेत हे त्याने कानाने ऐकावं, मग वाद घालू.