जुन्या मोझॅकवर लॅमिनेट बसवण्याआधीची तयारी

पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमधली मोझॅक फरशी न उखडता तिच्यावरच लॅमिनेट फ्लोअरिंग बसवायचे आम्ही ठरवले, कारण तोडफोडीचा राडारोडा आणि खालच्या घराच्या छताला बसणारे हादरे आम्हाला टाळायचे होते. त्यासाठी खालची फरशी 2 मीटर लांबीत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त खालीवर नसावी, अशी अट असते. अन्यथा लॅमिनेटच्या पट्ट्या पायाखाली दबतात आणि एकमेकींत अडकणारे त्यांचे सांधे हळूहळू तुटतात.

गवंड्याची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी फरशीवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवून, पलीकडून टॉर्च लावून, जिथे जिथे खालून उजेड दिसला तिथे आम्ही खडूने खुणा केल्या. खिडकीजवळची फट 8 मिलिमीटरची निघाली. खोलीला एका बाजूला थोडा उतारही होता, पण तो तसाच ठेवला. लॅमिनेटला फरशी सपाट लागते, ती पाणसळीत, म्हणजे अजिबात उतार नसलेली, असलीच पाहिजे असे नाही. सबंध खोली पाणसळीत आणण्यासाठी जाड थर ओतला असता, तर स्लॅबवर विनाकारण भार वाढला असता आणि दारेही खालून जास्त कापावी लागली असती.

थापीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या फरश्या काढून नव्या मालात बसवल्या आणि वर आलेल्या कडा ग्राइंडरने घासल्या. मिस्त्रींचे म्हणणे होते की खड्ड्यांत सिमेंटचा घोळ ओतला की काम भागेल. मी मात्र ठामपणे नको म्हटले, कारण गुळगुळीत मोझॅकवर साध्या सिमेंटचा पातळ थर धरत नाही, तडकतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. त्याऐवजी वर्षानुवर्षांचे मेणाचे पॉलिश घासून काढले, धूळ पूर्ण टिपली, प्रायमर लावून वाळू दिला आणि मग सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे ओतल्यावर आपोआप पसरून सपाट होणारे मिश्रण, वापरले. त्यात पाणी पिशवीवर लिहिले असेल तेवढेच, मोजून घालावे लागते. मिश्रण सैल झाले तर वाळल्यावर वरचा थर भुसभुशीत होतो. कालवलेला माल थोड्याच वेळात आवळू लागतो, म्हणून एकाने कालवायचे, दुसऱ्याने ओतून पसरवायचे आणि लगेच काटेरी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, अशी कामे आधीच वाटून घेतली होती. पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या ठेवल्या, म्हणजे पृष्ठभाग घाईने सुकून तडकणार नाही.

थर कडक झाल्यावर तीच पट्टी पुन्हा सगळीकडे फिरवली. दाराजवळ राहिलेला छोटा उंचवटा सँडपेपरने घासला, थर पूर्ण वाळू दिला आणि त्यानंतरच प्लास्टिकचा कागद व फोम अंथरायला परवानगी दिली.