पत्र्याला झेपणारं मशीन

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पोरगं बेळगावजवळच्या आमच्या गॅरेजच्या दारात येऊन उभं राहतं. कधी मच्छेचं, कधी खानापूरकडचं, कधी घाटावरून चंदगडचं. आयटीआय झालेलं असतं, नाहीतर दुसऱ्याच्या हाताखाली दोन वर्षं पॉलिश पेपर घासून आलेलं असतं. प्रश्न ठरलेला. "काका, स्वतःचं डेंटिंग सुरू करायचंय. स्वस्तातलं वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ?" मी आधी चहा सांगतो, कारण उत्तर लांबलचक आहे. तीन मशीनं घेतली, त्यातली दोन चुकली, तेव्हा कुठे मला ते सापडलं.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे डेंटिंग म्हणजे गॅस वेल्डिंग. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मेस्त्रींकडे गॅस तयार करायची कार्बाइडची टाकी होती. सकाळी त्यात खडे टाकून पाणी भरायचं काम माझ्याकडे. तो लसणासारखा वास अंघोळ केली तरी जायचा नाही. अँबॅसिडर, फियाट, जीप यांचा पत्रा जाड, तो ही आंच सोसायचा. पुढे मारुती ८०० आणि ओम्नी येऊ लागल्या तसा मेस्त्रींचाही हात अडखळायला लागला. टाका मारला की भोवतीचा वीतभर पत्रा लाल, थंड होताना तो आक्रसायचा आणि दाराला पोट सुटायचं. बोटानं दाबलं की डब्यासारखं टक् करून आत, सोडलं की बाहेर. मग हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, घेऊन बसा. नाहीच बसलं तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. त्या काळात मी जेवढी लांबी घासलीय तेवढ्यात एक घर गिलावा करून झालं असतं.

२००४ साली पिरनवाडीच्या पुढे खानापूर रोडला पत्र्याचं शेड घेतलं आणि स्वतःचा धंदा सुरू केला. पहिलं मशीन उद्यमबागेतल्या एका बंद होणाऱ्या वर्कशॉपमधून सेकंडहँड आणलं. तीनशे अँपियरचं, कॉपर वाइंडिंगचं आर्क मशीन. टेम्पोतून उतरवायला चौघे लागले. विकणारा म्हणाला, "रेल्वेचा रूळ बी जोडशीला ह्याच्यावर." मला तेच भारी वाटलं. रूळ जोडायला माझ्याकडे कोण येणार होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पहिलंच काम ओम्नीच्या फ्लोअरचं. खानापूर भागातला पाऊस आणि चोर्ला घाटातून गोव्याच्या खाऱ्या हवेत रोजच्या फेऱ्या, दोन्हींनी मिळून फ्लोअर चाळणी केलेला. मी अडीच एमएमचा रॉड लावला, मशीनचा करंट खाली आणता येईल तेवढा आणला आणि रॉड टेकवला. पत्रा गायब. त्या भोकाच्या कडेला दुसरा टाका मारायला गेलो, तिथलाही गायब. गाडीच्या बाहेरचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्याला तीस ते पन्नास अँपियर पुरतात, आणि माझं मशीन साठ-सत्तरच्या खाली नीट जळतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत एका भोकाची चार झाली. शेवटी जुन्या मेस्त्रींना बोलावून ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोड, करून घेतलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण जाताना मशीनकडे बघून जे हसले ते मी विसरलेलो नाही.

तरी ते मशीन फुकट गेलं म्हणणार नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्या यायच्या. मोडलेला हुक, तुटलेलं फाळकं, चिरलेली चॅसी. जाड लोखंडाला ते मशीन म्हणजे राजा. पहिली दोन-तीन वर्षं शेडचं भाडं ट्रॉल्यांनीच भागवलं, गाड्यांनी नाही.

दुसरी चूक २०१३ ची, आणि ती हौसेनं केलेली. भाचा कामाला आला होता. त्यानं मोबाईलवर बघून ठरवलं, बिनगॅसचं वायरचं मशीन घेऊया. "मामा, सिलिंडर नको, रेग्युलेटर नको, नुसती वायर लावायची आणि मारायचं की." वायरच्या पोटातच फ्लक्स, म्हणजे जळून धूर करणारी पूड, असते, त्या धुरानंच वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकायचं, अशी ती सोय. शेतात, उघड्यावर, वाऱ्यात गेट जोडायला उत्तम. पण ही वायर तापते जास्त आणि ठिणग्या उडवते दुप्पट. त्यात आम्ही आणखी शहाणपणा केला. मशीन गॅसच्या वायरसाठी जोडून आलं होतं, म्हणजे टॉर्च (वायर बाहेर सोडणारी हातातली बंदूक) प्लसला. बिनगॅसच्या वायरला टॉर्च मायनसला लागतो. आत दोन नट फिरवायचे, एवढंच काम. पण पुस्तक वाचलं कुणी?

गोव्याच्या एका गिऱ्हाइकाची गाडी होती, काचेखालच्या पट्टीला गंज. भाच्यानं टाके मारले, बघायला तसे बरे होते. दुसऱ्या दिवशी गाडी धुतली आणि काचेवर हात फिरवला, तर खरखर. ठिणग्या काचेत रुतून बसल्या होत्या, वाळूच्या कणांएवढे खड्डे. पुसून जात नाहीत, घासून जात नाहीत. समोरची काच बदलून दिली, कामाचे पैसे गेले आणि वर पदरचे घातले. तेव्हापासून काच, सीट, डॅशबोर्ड सगळ्यांवर जाड भिजवलेली गोणपाटं टाकल्याशिवाय टॉर्च हातात घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम. बॅटरीची वायर काढायची, कार्पेट आणि फोम सोडवायचा, गॅस किटची ओम्नी असेल तर टाकी उतरवल्याशिवाय कामाला हातच लावायचा नाही, आणि शेजारी पाण्याची बादली.

तिसरं मशीन २०१६ ला. सिंगल फेजचं इन्व्हर्टर, गॅस जोडायचं, ज्याला आमच्यात सगळे सीओटू म्हणतात. या वेळी दुकानात गेल्यावर मी उलटा प्रश्न विचारला. अँपियर वर किती जातात ते राहू दे, खाली किती येतात? दुकानदार जरा गोंधळला. "अण्णा, सगळे अडीचशे आहे का म्हणून विचारतात." मी म्हटलं, मला तीसला शांत जळणारं दाखव. दाखवलं. सोबत रद्दी दाराचा तुकडा नेला होता, त्यावर तिथंच टाके मारून बघितले. तुकडा उलटा करून मागची बाजू पाहिली. पुढून सगळेच टाके छान दिसतात, खरं काय ते मागे कळतं.

आता जो येईल त्याला सांगतो ते हेच. पंधरा अँपियरच्या पॉवर प्लगवर पातळ पत्र्याचं काम आरामात होतं, थ्री फेजच्या मागे लागू नकोस. मात्र एक्स्टेन्शनची वायर बारीक घेतलीस तर मशीनचा जीव वायरीतच जाईल. ड्यूटी सायकलची घाबरगुंडी नको. साठ टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं सलग चालेल असा त्याचा अर्थ, आणि पत्र्याला आपण सलग सहा सेकंदही जाळत नाही. टॉर्च सुटा होणारा बघ, त्याची टिप आणि नोझल गल्लीतल्या दुकानात मिळायला हवी. वायर ०.८ एमएमची सगळीकडे मिळते. ०.६ ची मिळाली तर पातळ पत्र्याला सोनं, पण वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरची खाच त्या मापाची आहे का ते बघ.

गॅसचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथं सगळे फसतात. नुसता सीओटू स्वस्त, पण तो खोल जाळतो आणि ठिणग्या उडवतो. आर्गन मिसळलेला गॅस महाग, पण पत्र्यावर मऊ चालतो. आमचं पहिलं वर्ष सीओटूवर गेलं, नवीन माणसानं तसंच करावं. फक्त एक लक्षात ठेव, सीओटू सिलिंडरमध्ये पातळ रूपात असतो, त्यामुळे दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा जवळजवळ शेवटपर्यंत तिथंच राहतो आणि एक दिवस धाडकन खाली येतो. आम्ही गॅस भरपूर आहे समजून सणाच्या आदल्या रात्री फसलो होतो. सिलिंडर वजनकाट्यावर तोलून घ्यावा. आणि जुलैतला आमच्याकडचा वारा ठाऊक आहेच. शेड उघडं असेल तर गॅस उडून जातो आणि टाका आतून जाळीदार, अनारशासारखा होतो. तीन बाजूंनी पत्रे लावून घेतले तेव्हा तो त्रास संपला.

हात बसवायचा तर आवाज ऐकायला शिकावं लागतं. वायर येण्याचा वेग आणि व्होल्ट जुळले की फोडणीत मोहरी तडतडते तसा एकसारखा आवाज येतो. टप... टप... येत असेल तर वायर कमी, टॉर्च मागे ढकलल्यासारखा वाटला तर जास्त. आणि रनिंग, म्हणजे सलग लांब टाका, कधी ओढायची नाही. एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा मधे. हात लावून बघायचं, चटका बसला तर थांबायचं, तोवर चहा. मागून तांब्याची पट्टी दाबून धरली की भोक पडत नाही, तांब्याला लोखंड चिकटत नाही.

हेल्मेट आपोआप काळं होणारं घे, इथं कंजूषी नको. मी हातात काच धरून काम करायचो त्या दिवसांत किती रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून बसलोय, ते आमच्या घरात विचारा.

नव्या गाड्यांचे छत पेलणारे खांब, ज्यात जास्त ताकदीचं पोलाद असतं, ते काम आम्ही घेत नाही. तापवलं की त्याची ताकद जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

आज आम्ही पाच जण आहोत. खंडेनवमीला सगळी मशीनं धुऊन रांगेत मांडतो, पहिलं कुंकू त्या तीनशे अँपियरच्या धुडाला. भाच्याला ते पटत नाही.

गेल्या महिन्यात खानापूरच्या एका पोरानं मशीन घेतलं. परवा रात्री साडेनऊला त्याचा फोन. "काका, भोक पडलं."

"किती मोठं?"

"एक रुपयाएवढं."

"व्होल्ट किती ठेवलाय?"

जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बघून सांगतो."