खुब्याचं ऑपरेशन आणि न आलेली चक्कर

सासूबाईंच्या मोडलेल्या मांडीच्या हाडात नेल, म्हणजे धातूचा रॉड, बसवायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासापर्यंत पोचायला लागले ५६ तास. त्यातले बरेचसे एका शब्दापायी गेले आणि तो शब्द माझ्याच तोंडून निघाला होता. अजून चरफड होते, म्हणून लिहून काढतेय.

शनिवारी सकाळी सहाला आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) न्हाणीघराच्या दारात पडल्या. वय ७९. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर वळलेलं. असं दिसलं की हाड मोडलंय असंच धरा. उठवून बसवायला जाऊ नका, चोळायला तर अजिबात नको. आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे काका तिळाचं तेल घेऊन वर आलेच होते. १०८ची गाडी आली, पण आम्ही परळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या जिन्याच्या वळणांवर आई जे ओरडल्या, ते अजून कानात आहे.

केईएम जवळ होतं. मेडिक्लेम आहे, मग खासगीत जाऊ, असं आम्ही ठरवलं. कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरने विचारलं, "कशा पडल्या?" मी म्हटलं, "चक्कर आली असेल. बीपीची गोळी चालू आहे." स्ट्रेचरवरून आई म्हणाल्या, "चक्करबिक्कर काही नाही, पायपुसणं सरकलं." डॉक्टर माझ्याकडे बघत होता. कागदावर गेलं ते माझं वाक्य.

एक्स-रे झाला. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून छान समजावलं. खुब्याच्या गोळ्याखालची मान मोडली असती, तर या वयात बहुतेक वेळा अर्धा सांधाच बदलतात. आईंचं हाड त्याच्या खाली, सांध्याच्या बाहेर मोडलेलं. तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळतं, फक्त जुळेपर्यंत आतून आधार लागतो. मांडीच्या हाडाच्या पोकळीत वरून नेल घालायचा, त्यातून एक जाड स्क्रू तिरका गोळ्यात आणि खाली एक लॉकिंगचा. सगळं सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत, छोट्या छोट्या छेदांतून. नातेवाईक याला "रॉड टाकला" म्हणतात, तेच हे. "उद्या सकाळी घेऊ," डॉक्टर म्हणाले. मी मनातल्या मनात रविवारी रात्रीचा डबासुद्धा ठरवून टाकला.

आता कॅशलेस, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर भरायचं. तळमजल्यावर टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांची, खिडकी, खिडकीत एक मुलगी, तिच्यासमोर दोन फोन आणि एक आळूवडीचा डबा. फॉर्म गेला. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो. ५० मिनिटांत उत्तर आलंसुद्धा! उत्तर कसलं, चार प्रश्न. चक्कर कशामुळे आली? बीपी कधीपासून, पहिलं प्रिस्क्रिप्शन कुठे? पोलिसांत नोंद आहे का? आणि रुग्ण पडताना दारूच्या अंमलाखाली नव्हता, असं डॉक्टरांचं पत्र द्या. ज्या बाईने आयुष्यभर खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलं, तिच्याबद्दल हे.

"चक्कर आली नव्हती हो," मी म्हटलं.

"पेपरवर आहे ना मॅडम."

"मग पेपर दुरुस्त करून घेते."

"कॅज्युअल्टीचा पेपर खोडता येत नाही. कन्सल्टंटचं लेटर लागेल, सही-शिक्क्यासकट."

वर गेले. कन्सल्टंट, म्हणजे ते हाडांचे डॉक्टर, निघून गेलेले. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर, म्हणाला, लिहून देतो, पण सही सरांची. खाली आले तर खिडकी बंद. रविवारी अर्धा दिवस उघडते म्हणाले. ती उघडली तेव्हा सर दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये. फोनवर बिचारे चांगलं बोलले, "आरएमओला सांगतो." पण शिक्का सरांच्या ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली रविवारी रजेवर.

त्यात दुसरीकडून तोच शब्द आडवा आला. भूल देण्याआधी फिजिशियनचा फिटनेस लागतो. त्यांनी कागदावर चक्कर वाचली आणि लिहिलं: आधी टूडी इको. त्यांचं काही चुकलं नाही, चक्कर येऊन पडलेल्या म्हातारीचं हृदय बघायलाच हवं. पण इकोवाले रविवारी येत नाहीत. म्हणजे न आलेल्या चकरेचं कारण शोधायला दोन खाती कामाला लागली होती, आणि जिला विचारायचं ती वर पाचव्या मजल्यावर पायाला वजन बांधून पडली होती.

मुलाने फोनवर शोधून दाखवलं, की ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या सूचनांप्रमाणे असं ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. ते मी खिडकीतल्या मुलीला दाखवलं. तिने नीट वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे." तिचा तरी काय दोष म्हणा.

रविवारी रात्री आई बरळायला लागल्या. "भोंगा झाला का गं? यांचा डबा राहिला." सासरे गिरणीत होते. ८२च्या संपानंतर त्या घरात भोंग्यासाठी डबा भरला गेला नाही. मी घाबरून सिस्टरला उठवलं. ती म्हणाली, या वयात वेदना, जाग, नवी जागा, सगळ्याने होतं असं. घरचं माणूस जवळ ठेवा, चष्मा लावा, दिवसवार सांगत राहा. जांघेत नस बधिर करणारं इंजेक्शन मिळतं, तेही तिनेच सुचवलं. भूलतज्ज्ञाने येऊन ते दिलं आणि आई पहिल्यांदा दोन तास झोपल्या. हे शनिवारीच मागा. टाचांखाली उशी आणि एअर बेडही पहिल्या दिवसापासूनच मागा, पाठीला जखम व्हायला दोन दिवस पुरतात.

सोमवारी सकाळी मी सरांना लिफ्टपाशीच गाठलं. आवाज चढला माझा, खोटं कशाला सांगू. ते सरळ आईंच्या कॉटपाशी आले. "आजी, कशा पडलात?"

"पायपुसणं सरकलं. शनिवारीच सांगितलं होतं."

त्यांनी तिथेच पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मागवला. दारूचंही लिहिलं. इको दहा मिनिटांत झाली, वयाच्या मानाने उत्तम. बाराला अप्रूव्हल, दोनला थिएटर. कमरेतून भूल, एक बाटली रक्त, संध्याकाळी चहा मागितला. मंगळवारी फिजिओथेरपिस्टने वॉकर धरून उभं केलं.

पैसे भरून ऑपरेशन करून घेता येतं आणि क्लेम नंतर टाकता येतो, हे डोक्यातच आलं नाही. इकोची अडचण राहिलीच असती, पण निदान ती एकटी. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर त्यावरची खोली घेऊ नका, कापतात ते नुसतं भाडं नाही, बाकीचं बिलही त्या प्रमाणात. नेलच्या पाकिटावरचा स्टिकर बिलाला लावून घ्या. आणि हाड इतक्या साध्या पडण्याने मोडलं म्हणजे ते ठिसूळ झालंय. त्याचं औषध वेगळं, ते विचारल्याशिवाय घरी येऊ नका. आम्हाला ते टाके काढताना आठवलं.

शनिवारी डिस्चार्ज. मंडळाची चार पोरं खुर्ची घेऊन आली होती, जिना चढवायला. फाइल आईंच्या मांडीवर. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान बोटाने वाचलं आणि मला हाक मारली.

"हे काय लिहिलंय गं?"

हिस्टरी ऑफ गिडिनेस अँड फॉल. चक्कर येऊन पडल्या.

"आई, आता राहू दे. गाडी खाली उभी आहे."

"गाडी थांबेल. तू आधी हे बदलून आण."

आणखी दोन तास गेले. पोरं खाली वडापाव खाऊन आली.