झुकायचं ते झुकलंच

"माल खोटा आहे, तुम्ही फक्त तसं लिहून द्या." लॅब उघडल्या उघडल्या आलेल्या त्या तरुण डिझाइनरनं माझ्या टेबलावर दोन तुकडे आपटले. एक साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, दुसरं महागडं हाय टेन्साइल. त्याच्या मशीनचा ९०० मिमी लांब आडवा हात टोकावरच्या वजनानं ४ मिमी झुकायचा; चालण्यासारखा होता २ मिमी. म्हणून त्यानं जवळजवळ तिप्पट ताकदीचं पोलाद घातलं. झोक पुन्हा ४ मिमीच!

खरं सांगायचं तर मलाही आधी सप्लायरचाच संशय आला.

दोन्हींचे १० मिमी व्यासाचे नमुने काढून यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, ओढले. एमएस २० किलोन्यूटनच्या आसपास यील्ड झालं, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागलं. ७८.५ चौरस मिमी छेदावर हा साधारण २५० मेगापास्कल स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचा जोर. दुसरं थेट ५५ किलोन्यूटनला नमलं, म्हणजे ७०० मेगापास्कल. माल अस्सल होता.

मग दोन्हींचे स्ट्रेस-स्ट्रेनचे आलेख एकावर एक ठेवले; स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या मानानं झालेली वाढ. सुरुवातीच्या सरळ रेषा वेगळ्या ओळखूच येईनात. २०० मेगापास्कलला दोन्हींचा स्ट्रेन ०.००१, ५० मिमी लांबीत ०.०५ मिमी, एवढी बारीक वाढ मोजणारा एक्स्टेन्सोमीटर नसता तर कळलाही नसता. स्ट्रेसला स्ट्रेननं भागलं की दोन्हीकडे २०० गिगापास्कल. मिश्रधातू बदला, उष्णतोपचार करा, यील्ड वर सरकतो. पण त्या रेषेचा चढ म्हणजे अणूंमधल्या बंधांचा ताठपणा, आणि तो पोलादा-पोलादात फारसा बदलत नाही. आमच्याकडे रिपोर्टात हा आकडा कोणी मागतही नाही. सगळ्यांना यील्ड आणि यूटीएस, म्हणजे तुटण्याआधीचा कमाल स्ट्रेस, हवं.

कागदावर हिशोब मांडला तर हाताच्या मुळाशी स्ट्रेस जेमतेम ९० मेगापास्कल निघाला. एमएसच्या यील्डच्या निम्मासुद्धा नाही.

"मग झोक कमी करायचा कसा?"

"हाताची उंची किती आहे?"

"६० मिमी. भरीव."

आयताकृती छेदाचा ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ७६ केली की दुप्पट, म्हणजे झोक निम्मा. आकडे त्याच्यासमोर सरकवले. तो बराच वेळ ड्रॉइंगवर बोट फिरवत बसला.

"वर १६ मिमी जागा निघेल," शेवटी म्हणाला. "पण मग एवढं महाग पोलाद..."

"एमएस चालेल."