तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कॉन्टिनन्स’ म्हणजे संयम का?

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचे मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, त्यामुळे अलिबाग-मुरूडकडच्या परिचारिका आणि इंग्रजीचे शिक्षक मला वारंवार विचारतात, की ‘कॉन्टिनन्स’ला ‘संयम’ म्हटले तर चालेल का?

एका अर्थाने चालेल. हा शब्द ‘एकत्र धरून ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला; खंडाला इंग्रजीत ‘कॉन्टिनेंट’ म्हणतात तेही त्यावरूनच, कारण खंड म्हणजे सलग धरलेली भूमी. इंग्रजीतला त्याचा जुना अर्थ वासनांवरचा, विशेषतः कामवासनेवरचा ताबा, आणि तेथे ‘संयम’ चपखल बसतो, कारण ‘यम्’ या धातूतही आवरून धरणेच आहे. १९०६ साली ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी संततिनियमनासाठीही संयमाचाच आग्रह धरला. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्व्यांना तो मार्ग मान्य नव्हता. त्या वादातला ‘संयम’ म्हणजे हाच ‘कॉन्टिनन्स’.

वैद्यकातला अर्थ वेगळा आहे: लघवी आणि शौच योग्य जागी पोहोचेपर्यंत धरून ठेवता येणे. येथे माझी चूक झाली, आणि ती मला अजून बोचते. एका पत्रकात मी ‘मूत्रसंयमाचा अभाव’ असे लिहिले होते. रेवसच्या बाजूला मासळी विकणाऱ्या, साठी उलटलेल्या एका काकींनी ते बोटाने अक्षरे जुळवत वाचले, चौघडी करून कमरेला खोचले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाय, संयम मी कधी सोडला? पाटी उचलली की धरवत नाही.”

बाळंतपणांनी आणि वयोमानाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले, की खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना लघवी गळते, आणि त्या स्नायूंच्या नियमित व्यायामाने पुष्कळ जणींना आराम पडतो. यात शीलाचा किंवा मनोनिग्रहाचा प्रश्नच नाही. पण ‘संयम’ हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडतो तो सद्गुण म्हणूनच, आणि त्याचा अभाव म्हणजे दोष. चरकसंहितेने हा भेद केव्हाच केला आहे: लोभ, क्रोध यांचे वेग धारण करावेत, पण लघवी, शौच, शिंक, तहान असे तेरा वेग अडवू नयेत. क्रियापद एकच, पण मनाचे प्रकरण निराळे आणि देहाचे निराळे.

म्हणून आता मी ‘लघवीवर ताबा असणे’ असे लिहिते आणि तो नसेल तेथे काकींचेच क्रियापद वापरते. ‘धरत नाही’ म्हटले तर करणाऱ्याकडे बोट जाते. ‘धरवत नाही’ म्हटले की इच्छा आहे पण शरीर साथ देत नाही, हे ऐकणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.