पेट्रोलचा वास आणि माझी वही

"मिस्त्री, मुलगा आता या गाडीत बसायलाच नाही म्हणतो," असं म्हणत मॅडमनी किल्ली माझ्या हातात ठेवली. एकाच तक्रारीसाठी गाडी तिसऱ्यांदा माझ्या दारात आली होती: आत पेट्रोलचा वास येतो.

गाडी टोयोटा लँड क्रूझर, एफजे ४०, १९७६ ची. ४२३० सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, वर पत्र्याचं बंद टप. ही गाडी १९६० ते १९८४ अशी जवळजवळ पाव शतक बनत होती, आणि तिच्या जुन्या मॉडेलांची एक खोड ज्यांनी त्या चालवल्यात त्यांना ठाऊक असेल. पेट्रोलची टाकी बाहेर, चासीला लटकवलेली नसते. ती गाडीच्या आत असते, चालकाच्या शेजारच्या सीटखाली. टाकी मागे खाली नेली ती १९७९ च्या सुमारास. म्हणजे शेजारी बसलेला माणूस अक्षरशः टाकीवर बसलेला. पेट्रोल भरायची जाड नळी, तिच्याशेजारची ब्रीदरची, म्हणजे भरताना टाकीतली हवा सोडणारी बारीक नळी, पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या गेजचा टाकीतला फ्लोट, हे सगळं माणसांबरोबर आतच.

त्यात या गाडीवर वाफेचंही जाळं होतं. टाकीतली वाफ हवेत सुटू नये म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये आणि मग अख्ख्या अमेरिकेने १९७१ मध्ये नियम केला, आणि त्यानंतर गाड्यांत वाफ शोषून धरणारा कोळशाचा डबा आणि त्याच्यापर्यंत वाफ नेणाऱ्या नळ्या आल्या. पन्नास वर्षांनी त्यातली प्रत्येक नळी म्हणजे एक संशयित.

पहिल्या फेरीत मी कार्बोरेटरला, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला धरलं होतं. त्याच्या आतल्या फ्लोटची पातळी जास्त होती, ती बसवली. दुसऱ्या फेरीत गेजच्या फ्लोटचं पॅकिंग कडक होऊन चिरलेलं सापडलं, भोवती ओलसर डागही होता. "सापडला चोर," असं मी मॅडमना छातीठोकपणे सांगितलं. वास कमी झालाही, पण गेला नाही. दोन्ही दुरुस्त्या खऱ्या होत्या, म्हणूनच त्यांनी मला जास्त फसवलं.

तिसऱ्यांदा मात्र पाना हातात घ्यायच्या आधी वही घेतली आणि मॅडमना बसवून विचारलं, वास नेमका कधी येतो?

"टाकी फुल केली की तीन-चार दिवस नुसता घमघमाट. मग कमी होतो. सवय होत असेल नाकाला."

"आणि मागची काच उघडली तर?"

"तेव्हा वेगळाच येतो. डोळे चुरचुरतात."

हे दुसरं उत्तर धुराचं होतं. मागची काच उघडली की चालत्या गाडीच्या पाठीमागचा धूर आत ओढला जातो. दाराचं रबर बदललं, काच बंद ठेवायला सांगितलं, तो विषय तिथे संपला. पण तो हलक्यात घ्यायचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चुरचुरतं ते दुसरंच काही असतं.

पहिलं उत्तर मी वहीत लिहिलं आणि चक्क विसरलो. मॅडमच्या नाकाला सवय होत नव्हती, टाकीतली पातळी उतरत होती. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस गेले.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, दारं सताड उघडली. बॅटरीचा टॉर्च बाहेरच चालू करून आत नेला. वायरचा दिवा अशा गाडीत मी नेत नाही, बल्ब फुटला तर तेवढं पुरतं. हवेत १.४ टक्के वाफ झाली की ती पेटू शकते. नाकाला वास त्याच्या कितीतरी आधी येतो, म्हणून वास आला म्हणजे आता भडका उडणारच असं नाही. पण बंद गाडीत उन्हाच्या वेळी टक्के मोजत कोण बसणार?

वास सगळ्यात जास्त चालकाच्या पायांशी होता. क्लचच्या पेडलखाली डोकं घालून मी अर्धा तास हुंगत होतो. माझा पोरगा (हाताखालचा, घरचा नव्हे) चहा पिऊन आला, आत वाकला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमचं नाक मेलंय. वास तर सगळीकडेच आहे."

खरंच होतं. पेट्रोलचा वास पाच-दहा मिनिटं घेतला की नाक संप करतं. वर ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. सुटते एकीकडून, ओघळून साठते खोलगट जागेत. तिथे नाक लावून काही हाती लागत नाही. पोऱ्याला सांगितलं, आता हुंगायचं काम तुझं. बाहेर जायचं, मोकळा श्वास घ्यायचा, आत यायचं, एकदाच हुंगायचं, परत बाहेर.

मग टाकीला हवेचा दाब दिला. कॉम्प्रेसर नाही, हातपंप, आणि तोही जपून, कारण असल्या पत्र्याच्या टाकीला जास्त दाब सोसत नाही, फुगते. झाकणाच्या जागी बूच, कोळशाच्या डब्याकडची नळी बंद, पंपाकडची बंद. दाब मोजायला पारदर्शक नळी इंग्रजी यूसारखी वाकवून त्यात पाणी भरलं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात पस्तीस सेंटीमीटरचा फरक येईपर्यंत पंप मारला, आणि स्टूल घेऊन पाण्याकडे बघत बसलो.

अर्ध्या तासात फरक कमी व्हायच्या ऐवजी बोटभर वाढला. ऊन वर आलं होतं, टाकीतलं पेट्रोल वाफाळत होतं. म्हणजे थोडी गळती असती तरी ती या वाढीत लपली असती. दुसऱ्या दिवशी पहाटे गार हवेत तेच सगळं पुन्हा केलं. पाणी जागचं हललं नाही. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा नाही.

टाकी गळत नव्हती, जोड गळत नव्हता, नळी गळत नव्हती. आणि पोऱ्या दारातून ओरडत होता, "येतोय!"

अशा वेळी मी गाडी सोडून दुसरं काम घेतो. दुपारी एका ट्रॅक्टरचा फिल्टर बदलताना एकदम ते वाक्य आठवलं, टाकी फुल केली की तीन-चार दिवस. टाकी वरपर्यंत भरली की पेट्रोल भरणीच्या नळीत उभं राहतं. पातळी उतरली की नळी रिकामी होते.

कोरड्या सुती चिंध्या कापल्या. प्रत्येक नळीवर वेगळी चिंधी घासायची, बाहेर नेऊन पोऱ्याच्या नाकाला लावायची. गेजजवळची, काही नाही. ब्रीदरची, काही नाही. वाफेच्या नळ्या, एकीला किंचित. भरणीच्या जाड नळीवरची चिंधी नाकाशी नेली आणि त्याने मान झटक्यात मागे घेतली.

नळी वरून कोरडी होती. बोट फिरवलं, बोटही कोरडं. ना चीर, ना फुगवटा. रात्री त्या नळीभोवती स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची चंदेरी पन्नी घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं बांधून टाकली. सकाळी पन्नी सोडली, तर आतून रॉकेलची बाटली उघडल्यासारखा भपका. पेट्रोल नळीच्या भिंतीतून पाझरत होतं. थेंब म्हणून नाही, वाफ म्हणून, रबराच्या अंगातून.

नळीवरची अक्षरं पत्र्याच्या बाजूला होती. दातांच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा मागे घातला, धूळ पुसली. उलटं वाचायला वेळ लागला. एसएई २० आर ४. एसएई म्हणजे गाड्यांच्या भागांची मानकं ठरवणारी अमेरिकेतली संस्था. पेट्रोलच्या नळीवर ३० आर आणि पुढे आकडा असतो. २० आर ४ म्हणजे रेडिएटरची नळी. उकळतं पाणी, कूलंट, वर्षानुवर्षं काढेल ती. पेट्रोलपुढे मात्र तिचं रबर स्पंजासारखं.

कोणी शहाण्याने ही लावली, असं बोलत मी जुनी वही काढली. आठ महिन्यांपूर्वीचं पान, अक्षर माझं: "भरणीची नळी चिरलेली, बदलली. वाकण मापात बसलं."

आठवलं सगळं. त्या जाडीची, त्या वळणाची पेट्रोलची नळी मिळत नव्हती. रेडिएटरची मिळाली, वळण असं बसलं की जणू याच गाडीसाठी केली होती. काळं रबर ते काळं रबर. वासाची तक्रार त्यानंतरच सुरू झाली होती, आणि तारखा जुळवून बघायचं मला सुचलं नव्हतं.

उरलेल्या नळीचा टिचभर तुकडा खिळ्याला लटकत होता. त्याची कड व्हर्नियरने मोजली, पाच मिलिमीटर. बरणीत पेट्रोल घालून त्यात रात्रभर बुडवला. सकाळी साडेसहा मिलिमीटर, आणि दाबला तर मऊ, भिजलेल्या खोडरबरासारखा.

पेट्रोलची नळी मागवून घेतली, आत तारेचं वेटोळं असलेली, म्हणजे वाकवली तरी दबत नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा. वाफेची ती किंचित वासाची नळीही काढून टाकली. टाकी गळ्यापर्यंत भरली, काचा बंद करून गाडी चार तास उन्हात ठेवली. पोऱ्याने दार उघडलं, एकदाच हुंगलं. "रेक्झिनचा येतो," म्हणाला.

मॅडमना वहीचं पान दाखवलं.

"म्हणजे तुम्हीच लावली होती?"

"हो."

त्यांनी पान नीट वाचलं. मागच्या दोन फेऱ्यांचे पैसे मी परत केले. त्यांनी ते मोजले, पर्समध्ये ठेवले. मला ते बरंच वाटलं. नको नको म्हणाल्या असत्या तर जास्त लागलं असतं.

त्या गेल्यावर खिळ्याकडे लक्ष गेलं. नळी आणली होती हातभर. या गाडीत गेली त्याहून कमी. एवढासा तुकडा उरला, तर मधला कुठे गेला? वहीची पुढची पानं उलटली. सात महिन्यांपूर्वी, दुसरी एक जुनी जीप, भरणीची नळी. लगेच फोन लावला.

"साहेब, गाडीत पेट्रोलचा वास येतो का हो?"

"येतो की. जुनी गाडी आहे, यायचाच."

"उद्या सकाळी घेऊन या. आणि टाकी भरून आणू नका."