नवी घेऊ की जुनी?

"ताई, पोराला एअर रायफल घ्यायचीय. नवी घेऊ की जुनी?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवल्यापासून जरा जास्तच. त्याची रायफल काडतुसाची, पन्नास मीटरवरची. पण आईबापांना पदक दिसतं, कॅलिबर कुठलं दिसायला! आमच्या परसात दहा मीटर मोजून ठेवलेली वाळूची पेटी आहे, शेजारपाजारची चार पोरं शनिवारी येतात, एवढ्या भांडवलावर मी जाणकार ठरले आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हाताळून, छर्रे मारून बघता येत असेल तर जुनी घ्या. नुसत्या फोटोवरून घेणार असाल तर नवी.

पण त्याआधी माझा एक प्रश्न असतो: नळी मोडणार कोण? पोरांसाठी घेतात त्या साध्या एअर रायफली स्प्रिंगच्या, त्यांत प्रत्येक छर्र्यामागे नळी बिजागरीवर खाली मोडून स्प्रिंग दाबावी लागते. दहा वर्षांच्या पोराला वडिलांच्या ताकदीची बंदूक दिली की ते दस्ता पोटाला टेकवतं, दोन्ही हातांनी नळीला लोंबकळतं आणि नळीचं तोंड नेमकं हनुवटीखाली येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून पोराला दुकानात सोबत न्या आणि ओळीनं वीस वेळा नळी मोडायला लावा. (स्प्रिंग खटक्यात अडकायच्या जरा आधी थांबायचं आणि नळी धरूनच परत वर आणायची, एकदा अडकली की पुढच्या वेळी जोरच लागत नाही. चाप ओढायचा नाही. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.) आठव्या वेळेला दम लागला तर ती बंदूक त्याची नाही.

दुकानात ताकदीचाच डांगोरा पिटला जातो. "सेकंदाला हजार फूट!" साधा आठ ग्रेन वजनाचा छर्रा खरंच त्या वेगानं गेला तर तेवीस-चोवीस ज्यूल होतात. आपल्याकडे बिनपरवाना चालते ती ४.५ मि.मी. छर्र्याची, २० ज्यूलच्या आतली. म्हणजे विक्रेता एकतर फुगवून सांगतोय, नाहीतर तुम्हाला भानगडीत टाकतोय. जुन्या जर्मन बंदुकीवर पंचकोनात 'एफ' कोरलेला दिसला तर ती साडेसात ज्यूलच्या आतली. लोक नाक मुरडतात. कागदाला भोक पाडायला तेवढी ताकद भरपूर होते, आणि पाखरं मारायची असतील तर मला फोनच करू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे, आणि तो कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

आता जुनीबद्दल. स्प्रिंग, दट्ट्याचा वॉशर, नळीच्या बुडाचा वॉशर हे सगळं बदलता येतं. नळी खराब निघाली तर मात्र बंदूकच गेली. हे मी पैसे घालवून शिकले. एका जत्रेतल्या फुगेवाल्याकडून हौसेनं एक बंदूक घेतली होती. रंग ताजा, दस्ता चकाचक. घरी आणून दहा मीटरवरून मारली तर छर्रे नेमाच्या वीतभर वर. माशी (नळीच्या टोकावरची पुढची साईट) बघितली, मागची साईट पार खाली आणली, तरी वरच. मग नळीच्या वरच्या अंगाला स्टीलची पट्टी लावली, तर बुडाशी बारीक फट. कुणीतरी नळी मोडलेली असताना चाप ओढला होता. नळी फटकन वर येऊन बंद झाली आणि बुडाशी वाकली. नळी वर येताना मध्ये बोट सापडलं तर काय होईल ते लिहीत नाही. छर्रा भरताना नळी दुसऱ्या हातात घट्ट धरायची, एवढं पोराच्या डोक्यात बसवा.

तर पट्टी बरोबर न्या, आणि वर्तमानपत्राची एक चिंधीही. छर्रा भरून, नळी बंद करून चिंधी सांध्यावर ठेवा आणि मारा. फडफडली की तिथून हवा निसटतेय. वॉशरचं काम आहे, भाव पाडा. नळी डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर निमूट उठा. आणि विकणारा "आवाज ऐका" म्हणत छर्र्याशिवाय फाडफाड चाप ओढून दाखवायला लागला की समजा, वर्षानुवर्षं हेच चाललंय. छर्रा नसला की पुढच्या हवेला अडवणारं काही राहत नाही आणि दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. शेवटी पाच छर्रे कागदावर. मधोमध लागले नाहीत तरी चालेल, पण एका नाण्याखाली झाकले जाऊ देत.

नवीचं सुख म्हणजे बिल आणि सुटे भाग. सुरुवातीचे शे-दोनशे छर्रे ती जरा धूर काढते, आतलं तेल जळतं. घाबरून दुकानात पळू नका. दुर्बीण मात्र आत्ताच घेऊ नका. स्प्रिंगची बंदूक मागे धक्का देऊन लगेच पुढेही झटका देते, त्यात साध्या दुर्बिणी खिळखिळ्या होतात. आणि पकड सैल ठेवा. आवळून धरली की दर वेळी छर्रा वेगळ्याच जागी लागतो.

ती फुगेवाल्याची बंदूक अजून आहे. पोरं चिठ्ठी चिकटवून गेलीत: "फुग्याच्या खाली नेम धरणे."